नडीचा पैसा : एका अल्बमच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४, शनिवार

जर्मनीत, एरफुर्टच्या जुन्या बाजारात एक अल्बम मिळाला. तपकिरी पुठ्ठा, आत प्लास्टिकच्या खिशांची पानं, खिशाखिशात कागदी पैसे. विकणारा ६० युरो म्हणत होता, ४० ला आला. घरी येऊन मोजले तर २१७ नग. काही खिशांत पुढे-मागे दोन-दोन कोंबलेले होते, त्यामुळे खरा आकडा त्यालाही माहीत नसणार.

हे ‘नोटगेल्ड’. आपल्या कानाला ‘नोट’ म्हटलं की हातातली नोट वाटते. जर्मनमध्ये ‘नोट’ म्हणजे अडचण, टंचाई. मराठीत त्याला अगदी चपखल शब्द आहे : नड. ‘गेल्ड’ म्हणजे पैसा. म्हणून हा नडीचा पैसा. सरकारी नाणी बाजारातून नाहीशी झाली तेव्हा नगरपालिकांनी, बँकांनी, कारखान्यांनी, काही ठिकाणी ट्राम कंपन्यांनीसुद्धा आपल्या सहीशिक्क्याने छापलेला. १९१४ ते १९२४ हा त्याचा काळ.

कामं दोन. सगळ्या नगांची यादी करायची, आणि १३ एप्रिलला इथल्या मराठी मंडळींचा पाडवा आहे तिथे एका टेबलावर चोवीस नोटा मराठी चिठ्ठ्यांसकट मांडायच्या. कोणी मागितलेलं नाही. मीच सांगून मोकळी झालेय.

१४ जानेवारी

अल्बमच्या पानांना नव्या रेक्झिनचा वास येतो. म्हणजे पीव्हीसी. ते वर्षानुवर्षं पाझरत राहतं आणि कागद तेलकट करतं. आज सगळ्या नोटा बाहेर काढल्या. सतरा नगांच्या पाठीला तिकिटं डकवतात तसल्या चिकटपट्ट्यांचे तुकडे आहेत, ते तसेच ठेवले. ओढून काढायच्या नादात कागदाचा थरच निघून येतो.

संक्रांतीचा पाक मुद्दाम रात्री केला. गुळाचे हात आणि हे कागद एका दिवशी नकोत.

२० जानेवारी, शनिवार

पलंगावर पांढरी चादर पसरून वर्षांप्रमाणे ढीग लावले. १९१४ च्या ३, १९१६ ते १९१९ ची चिल्लर ५८, १९१८ च्या मोठ्या नोटा ४, १९२० ते १९२२ ची चित्रमालिका १२१, १९२३ च्या ३१. बेरीज जुळली.

१९१४ च्या तिन्ही पाहून कोणालाही वाटेल, ही शाळेच्या सहलीची पावती आहे. जाड पिवळट कागद, साधी छपाई, रबरी शिक्का, शाईची खरी सही. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि लोकांनी चांदीची नाणी घरात दाबून ठेवली. ४ ऑगस्टच्या कायद्याने राइशबँकेच्या, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, नोटा सोन्यात बदलून मिळणं थांबलं, त्यामुळे तर हातातलं नाणं सोडायला कोणीच तयार होईना. पगार द्यायचा तर मोठ्या नोटा होत्या, पण शंभराची नोट घेऊन पाव आणायला गेलेल्या बाईला मोड द्यायची कोणी? पूर्व प्रशिया, आल्सास, वरचा सायलेशिया इथल्या गावांनी एक-दोन दिवसांत मिळेल त्या छापखान्यातून असे कागद काढले. पुढे त्याच महिन्यात सरकारी कर्जपेढ्यांच्या १ आणि २ मार्कांच्या नोटा आल्या आणि बहुतेक गावांनी आपले कागद परत घेतले. परत आलेल्या कागदावर रद्दचा शिक्का मारायचे किंवा भोक पाडायचे. माझ्या तीनपैकी दोघींना भोक आहे. त्यांचा हिशेब पुरा झाला.

२७ जानेवारी, शनिवार

पहिली वीस नावं यादीत भरली आणि सगळी पुसली.

जुन्या जर्मन गॉथिक छपाईत शब्दाच्या मधला ‘स’ उंच काढतात आणि तो डिट्टो ‘फ’ दिसतो. मी बिनधास्त ‘मागिफ्ट्राट’ लिहीत गेले. वीस गावांत एकाच नावाचा अधिकारी कसा, हेही मनात आलं नाही. तो ‘मागिस्ट्राट’, म्हणजे नगरमंडळ. खालच्या मजल्यावरच्या आजींना दाखवलं तर त्या आधी हसल्या, मग चष्मा घेऊन आल्या. त्या ९१ वर्षांच्या आहेत, पहिलीत जुनी वळणदार लिपी शिकलेल्या. सह्या आणि हाताने लिहिलेल्या ओळी त्यांनी पेपर वाचावा तशा वाचल्या.

नोटांवरचा मजकूर ठरावीक असतो, एकदा कळला की दहा सेकंदांत नोट वाचून होते. वर ‘गुटशाइन’ म्हणजे येणे-चिठ्ठी. मध्ये रक्कम. खाली, ही चिठ्ठी नगर खजिन्यात वटवली जाईल. मग मुदत : एक तर अमुक तारखेपर्यंत, नाहीतर जाहीर सूचना निघाल्यावर एक महिन्याने बाद. शेवटी गावाचं नाव, तारीख, महापौराची सही. ‘पैसा’ हा शब्द बऱ्याच नोटांवर नसतोच. पैसा काढायचा हक्क सरकारचा, तेव्हा गावाने ‘आम्ही फक्त चिठ्ठी देतोय’ असं म्हणून घेतलेलं. कागदावर नम्रपणा, व्यवहारात नोट.

३ फेब्रुवारी, शनिवार

आजचा ढीग : ५८ चिल्लर. हाच माझा लाडका होणार असं दिसतंय.

युद्ध लांबलं तशी धातूंची ओढाताण सुरू झाली. तोफगोळ्यांना तांबं हवं, चिलखती पोलादाला निकेल हवं. ५ आणि १० फेनिगची (शंभर फेनिगचा एक मार्क) निकेलमिश्रित नाणी गोळा करून वितळवली, त्यांच्या जागी १९१५-१६ पासून लोखंडाची, मग १९१७ ला जस्ताची. १ फेनिग ॲल्युमिनियमचा झाला. तरी पुरेना. मग पुन्हा गावं पुढे आली. या वेळी रक्कम अगदी लहान : १०, २५, ५० फेनिग. आकार एसटीच्या जुन्या तिकिटाएवढा. एक रंग, एक शिक्का, गावाचं चिन्ह, संपलं. काही गावांनी लोखंड-जस्ताची स्वतःची नाणीही पाडली, पण माझ्याकडे फक्त कागद.

रात्री बाबांशी फोनवर बोलताना हे सांगत होते. बाबा एसटीत कंडक्टर होते, सांगली विभागात. ते म्हणाले, “यात नवीन काय? आम्ही तिकिटाच्या मागे ‘बाकी ७५ पैसे’ लिहून द्यायचो. उतरताना तिकीट दाखवा, पैसे घ्या.” मी एकदम गप्प झाले. अगदी तेच. चिल्लर नाही म्हणून छापील कागदावर देणं लिहायचं, आणि तो कागद फक्त त्या एका गाडीत चालायचा. त्यांनी पुढे विचारलं, “आणि विसरून उतरले तर? मी हाका मारायचो. तुझी गावं मारायची का?”

हा प्रश्न वहीत लाल पेनने लिहून ठेवलाय.

आपल्याकडे त्याच युद्धात चांदी महागली तेव्हा गावांना कोणी छापू दिलं नव्हतं. दिल्लीच्या सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट काढली, जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची. नडीचा पैसा आपल्याकडे दिसतो तो दुसऱ्या महायुद्धात. मोरवी, जुनागड, बुंदी, बिकानेर अशा संस्थानांनी चिल्लर संपली म्हणून छोटी कुपनं काढली होती.

७ फेब्रुवारी

स्कॅनर आला. इंचाला ६०० ठिपके, दोन्ही बाजू, मागे काळा कागद. एका नोटेला साडेतीन मिनिटं. २१७ ने गुणलं आणि चहा ठेवला.

१० फेब्रुवारी, शनिवार

मोठी चूक, आणि ती एका ‘ह’ ने केली. एका नोटेवर म्युलहाउझेन. मी लगेच ‘थुरिंगिया’, म्हणजे आमचंच राज्य, भरलं, कारण ते गाव इथून गाडीने तासाभरावर आहे आणि मी तिथे जाऊन आलेय. पण इथल्या गावाच्या नावात मध्ये एक मुका ‘ह’ आहे आणि नोटेवर तो नाही. नीट पाहिलं तर खाली बारीक अक्षरात ‘इ. एल्स.’, म्हणजे आल्सासमधलं. ते आज फ्रान्समध्ये आहे, म्युलूझ नावाने. नोटेचं साल १९१८. तिची मुदत संपायच्या आत गावाचा देश बदलला असेल.

या चुकीपायी यादीत दोन रकाने वाढले : ‘तेव्हाचं राज्य’ आणि ‘आजचा देश’. ग्लोगाऊ आता पोलंडमध्ये. हाडर्सलेबेन १९२० च्या सार्वमतानंतर डेन्मार्कमध्ये. आणि एरफुर्टसुद्धा तेव्हा थुरिंगियात नव्हतं! १९२० मध्ये सात छोटी राज्यं जोडून थुरिंगिया झाला, पण एरफुर्ट प्रशियाचंच राहिलं, १९४५ पर्यंत. सात वर्षं या गावात राहते आणि हे मला पन्नास फेनिगच्या कागदाने सांगितलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

चित्रमालिका. १२१ नग, अर्ध्याहून जास्त अल्बम. हे पाहून कोणीही प्रेमात पडेल, मीही बाजारात ह्यांनाच भुलले होते.

१९२० नंतर गावांच्या लक्षात आलं की लोक या चिठ्ठ्या वटवायला आणतच नाहीत, जमवतात. म्हणजे ५० फेनिगची चिठ्ठी छापायला खर्च थोडा, विकायची ५० ला, आणि ती कुणाच्या तरी अल्बममध्ये कायमची बसली तर उरलेले सगळे नगर खजिन्याचे. मग काय, स्पर्धाच. सहा-सहा, बारा-बारा नोटांच्या मालिका, प्रत्येकीवर गोष्टीचा पुढचा प्रसंग, म्हणजे घेणाऱ्याला पूर्ण संच घ्यावाच लागणार. हामेलनने उंदीर आणि बासरीवाला छापला. नाउमबुर्गने आपल्या चेरीच्या सणाची दंतकथा : १४३२ मध्ये हुसाइट या बंडखोर ख्रिस्ती पंथाचं सैन्य गावावर चालून आलं, गावाने मुलांना सेनापती प्रोकोपकडे पाठवलं, तो विरघळला आणि त्याने मुलांना चेरी दिल्या. असा वेढा इतिहासात पडलेलाच नाही, पण सण आजही दर उन्हाळ्यात होतो. वाल्टर हेगे या तिथल्याच कलाकाराने ती गोष्ट काळ्या छायाकृतींत काढली. माझ्याकडे त्यातल्या पाच आहेत आणि खरं सांगते, घराच्या भिंतीवर लावाव्यात अशा.

मेक्लेनबुर्गच्या सत्तर गावांनी तर मिळून एकच साचा धरला : प्रत्येक गावाच्या १०, २५ आणि ५० फेनिगच्या तीन नोटा, त्यांवर फ्रिट्झ रॉयटर या लेखकाच्या ओळी, त्याही तिकडच्या सखल प्रदेशाच्या बोलीत. धुळ्या-जळगावच्या नगरपालिकांनी अहिराणीत नोटा काढाव्यात, तसं. मला त्या अजिबात कळल्या नाहीत. आजींनाही अर्ध्याच कळल्या, आणि त्याचा त्यांना राग आला.

बीलेफेल्ड हे लिनन-रेशमाचं गाव, तिथल्या बचत बँकेने चक्क कापडावर पैसे छापले. अल्बममधली एक २५ मार्कांची रेशमी आहे. बाबांना व्हिडिओवर दाखवली तर म्हणाले, “नाक पुसायचा रुमाल आहे का?” हार्झ डोंगराजवळच्या ओस्टरवीकने चामड्यावर छापले. मायसनच्या प्रसिद्ध कारखान्याने तपकिरी मातीची, चिनी मातीची नाणी भाजली. ती माझ्याकडे नाहीत, आणि ४० युरोत येणारही नव्हती.

एक गंमत : या मालिकांत ७५ फेनिग फार दिसतात. बारा आण्यांची नोट! रोजच्या व्यवहारात या रकमेची कुणाला काय गरज? पण विकायला ५० पेक्षा बरी आणि मार्कापेक्षा स्वस्त वाटते. आणि काही नोटांची मुदत तर त्या विक्रीला येण्याआधीच संपलेली असायची.

आजींच्या मामाने लहानपणी गावोगावच्या नगरमंडळांना परतीचं तिकीट जोडून पत्रं पाठवली होती म्हणे, नवी मालिका पाठवा म्हणून. त्याचा खाऊचा पैसा असा दहा-वीस नगर खजिन्यांत जाऊन बसला. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. १९१७ ची गावं परत घेण्याची सूचना काढत, म्हणजे हाक मारत. १९२१ ची गावं, प्रवासी विसरून उतरावा म्हणूनच तिकीट सुंदर छापत होती.

२४ फेब्रुवारी, शनिवार

यादीत आणखी एक रकाना : ‘घडी’.

नोटेला घडी पडलेली आहे का, कोपरे मऊ झालेत का, मळ आहे का. दिवसभर भिंगाखाली हेच. निकाल : ५८ चिल्लरपैकी ४९ ना घडी. १२१ चित्रमालिकेपैकी ५ ना. आणि त्या पाचही उभ्या मधोमध दुमडलेल्या, म्हणजे खिशात नाही, पाकिटातून टपालाने गेलेल्या असाव्यात.

विक्रेत्यांच्या भाषेत घडी म्हणजे दोष. बिनघडीची कोरी करकरीत असेल तर भाव चढतो. मला उलटं वाटायला लागलंय. बिनघडीची नोट कधी दुकानात गेलीच नाही. तिने पाव आणला नाही, ट्रामचं भाडं दिलं नाही. ती चित्र आहे, आणि चांगलं चित्र आहे, पण पैसा ती कधी नव्हती. पैसा ही जी कळकट आहेत ती.

हे मी आमच्या गटावर लिहिलं तर एका वहिनींनी लिहिलं, “मग कळकट आणू नकोस, रंगीत आण. मुलं येणार आहेत.”

२ मार्च, शनिवार

१९२३. आज यादीच्या तक्त्याने हात टेकले.

आधी थोडं मागे. १७ जुलै १९२२ च्या कायद्याने गावांच्या या छपाईवर बंदी आली आणि चित्रमालिकांचा बाजार उठला. पण किमती अशा पळायला लागल्या की त्याच वर्षी शरदात राइशबँकेच्या नोटा पुन्हा अपुऱ्या पडल्या आणि गावांना पुन्हा छापू द्यावं लागलं. या वेळी फेनिग नाही. शंभर, पाचशे, हजार मार्क. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच-बेल्जियन सैन्य रूरच्या औद्योगिक खोऱ्यात घुसलं. तिथल्या कामगारांनी कामं थांबवली, त्यांचे पगार सरकार नोटा छापून देत राहिलं. त्यापुढचं आकड्यांतच बरं. युद्धाआधी डॉलरला ४.२० मार्क. जुलै १९२३ ची सरासरी साडेतीन लाख. ऑगस्टची ४६ लाख. सप्टेंबरची जवळपास दहा कोटी. ऑक्टोबरची अडीच हजार कोटी. २० नोव्हेंबरला ४.२ लाख कोटी. राइशबँकेसाठी १३३ छापखान्यांत १,७८३ यंत्रं चालत होती आणि तरी शनिवारच्या पगाराला नोटा कमी पडत. गावं, रेल्वे, रंगांचे कारखाने, जो तो छापत होता.

या ३१ नोटा दिसायला दरिद्री आहेत. एका बाजूने छापलेल्या, पाठ कोरी. कागद वर्तमानपत्राचा वाटावा असा. एकीवर आधीची रक्कम लाल शाईने खोडून वर नवी. अल्बममध्ये राइशबँकेची स्वतःची एक याच जातीची घुसलीय : १५ डिसेंबर १९२२ च्या हजार मार्कांच्या नोटेवर आडवा लाल छाप, ‘एक मिलियार्ड’. नवी नोट तयार करायला वेळच उरला नव्हता.

आता माझी अडचण. जर्मन ‘मिलियार्ड’ म्हणजे एकावर नऊ शून्यं, ‘बिलियोन’ म्हणजे बारा. इंग्रजीच्या सवयीने मी सकाळभर बिलियोनला नऊ शून्यं दिली. म्हणजे प्रत्येक नोट हजारपट स्वस्त केली. दुरुस्त केलं तर तक्त्याने शून्यं दाखवायचीच बंद केली, ‘१ई+१२’ असं काहीतरी यायला लागलं. शेवटी रक्कम आकड्यात न भरता अक्षरांत भरायची ठरवली. आणि अक्षरांत म्हटल्यावर शाळेत पाठ केलेली ओळ कामाला आली : कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी. मिलियार्ड म्हणजे अब्ज. बिलियोन म्हणजे महापद्म. १५ नोव्हेंबर १९२३ ला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं तेव्हा एका रेंटेनमार्कला एक महापद्म जुने मार्क, हा भाव. राइशबँकेची सगळ्यात मोठी नोट, फेब्रुवारी १९२४ ची तारीख असलेली, शंभर बिलियोनची. म्हणजे बरोबर एक जलधी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला हा शब्द पगाराच्या पाकिटाला लावायची वेळ येईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

ढिगाच्या तळाशी दोन वेगळ्या निघाल्या. रक्कम : ०.४२ सोनमार्क आणि १.०५ सोनमार्क. इतक्या शून्यांनंतर हे अपूर्णांक पाहून मला वाटलं छपाईची चूक. चूक नाही. ४.२० सोनमार्क म्हणजे एक डॉलर, तेव्हा या दशांश आणि पाव डॉलरच्या चिठ्ठ्या. १९२३ च्या शेवटी, नवं चलन रुळेपर्यंत, काही गावांनी घसरणार नाही असा पैसा म्हणून असे कागद काढले. ४.२ हा आकडा दोन्ही टोकांना कसा आला बघा. १९१४ ला ४.२, २० नोव्हेंबर १९२३ ला ४.२ च्या पुढे महापद्म. बारा शून्यं पुसली की भाव जुन्या जागी. हा योगायोग नव्हता, दर तिथे आणून थांबवला होता.

९ मार्च, शनिवार

वायमारला जाऊन आले, आगगाडीने पंधरा मिनिटं. कारण ढिगात एक नोट होती जिच्यावर काहीच नव्हतं : चित्र नाही, वेलबुट्टी नाही, गॉथिक अक्षरं नाहीत. जाड, सरळ, आजच्या फलकांसारखी अक्षरं, ‘दहा लाख मार्क’, थुरिंगिया सरकार, ऑगस्ट १९२३. मला ती पावती वाटून मी जवळजवळ बाजूला टाकली होती. ती हर्बर्ट बायरने केलेली. तेव्हा तो वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत विद्यार्थी होता, २३ वर्षांचा. घाईचं काम होतं, आकडे दिवसागणिक बदलत होते, आणि त्या घाईला साजेसाच आराखडा त्याने दिला : फक्त रक्कम बदला आणि छापा.

माझ्या नोटेला चार घड्या आहेत. म्हणजे ती फिरली. सुंदर आणि वापरलेली, अशी अल्बममध्ये ही एकच.

१६ मार्च, शनिवार

यादी क्र. १४३ वर अडकलेय.

१० फेनिग. चिल्लर ढिगातली. इतकी मळलेली की रंग हिरवा की करडा सांगता येत नाही. मधोमध फाटलेली आणि मागून जोडलेली. जोडायला वापरलीय ती टपालतिकिटांच्या तावाच्या कडेची कोरी, डिंक असलेली पट्टी. पाठीवर शिसपेन्सिलीने एक बेरीज : २७ अधिक १५, खाली ४२. दहा फेनिगचा कागद फाटला तर कोणीतरी बसून तो डिंकाने जोडला, कारण नाहीतर ते दहा फेनिग गेले.

गावाचं नाव नेमकं घडीवर. पुसलं गेलंय. शिक्क्याचं फक्त अर्धं वर्तुळ.

आजींनी भिंग लावून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. “शेवटी ‘एन’ आहे,” म्हणाल्या. एन वर संपणारी गावं जर्मनीत शेकड्यांनी.

२४ मार्च

क्र. १४३ वर आज टॉर्च आडवी धरून, अगदी कागदाच्या पातळीवरून उजेड टाकून फोटो काढले. छापताना अक्षरं कागदात किंचित दबलेली असतात, शाई गेली तरी खळगा राहतो. शेवटची पाच अक्षरं उठली : ‘–लेबेन’. आधीचं सपाट.

आइसलेबेन, आशर्सलेबेन, ओशर्सलेबेन, नॉयहाल्डेन्सलेबेन. आणि पार उत्तरेला ते हाडर्सलेबेन.

३० मार्च, शनिवार

निवड. गटावर दोन दिवस चर्चा. सगळ्यांना उंदीरवाला हवा, रेशमी रुमाल हवा, चेरीवाली मुलं हवीत. मान्य, बारा चित्रमालिकेला दिल्या. बारा माझ्या. त्यांत १९१४ ची भोक पाडलेली एक, १९१८ च्या मोठ्यांपैकी एक (त्या वर्षी ऑक्टोबरात हरण्याच्या भीतीने लोकांनी नोटाही घरात भरायला सुरुवात केली आणि राइशबँकेने गावांना ५ पासून ५० मार्कांपर्यंत छापायला सांगितलं), चिल्लर पाच, १९२३ च्या तीन, सोनमार्कची एक. शेवटची क्र. १४३. वहिनींनी तिच्या फोटोखाली नाक मुरडल्याचं चित्र टाकलं. मी अंगठा टाकला.

चिठ्ठ्यांत ‘नोटगेल्ड’ शब्द एकदाच. बाकी सगळीकडे नडीचा पैसा.

६ एप्रिल

नोटा पॉलिएस्टरच्या पाकिटांत घातल्या. रेशमी एक काचेखाली. बाबांकडून एक फोटो मागवला : त्यांच्या जुन्या पेटीतलं तिकीट, मागे त्यांच्याच अक्षरात ‘बाकी ५०’. कुणी प्रवासी विसरला असेल. ते म्हणतात त्याला हाक मारली होती, पण गाडी सुटली. तो फोटो पंचविसावा. चोवीस म्हटलं होतं, असू दे.

१४ एप्रिल, रविवार

काल टेबल झालं. श्रीखंडाच्या रांगेशेजारी जागा मिळाली, त्यामुळे गर्दी होती आणि पाकिटांवर दोन ठिकाणी केशरी बोटं उमटली. पॉलिएस्टर पुसलं गेलं. उंदीरवाला सगळ्यात जास्त पाहिला गेला, त्यात शंका नव्हती. तिकिटाच्या फोटोपाशी मात्र मोठी माणसं थांबत होती, आणि प्रत्येकजण आपापल्या आगाराचं नाव सांगत होता.

आज यादी बंद केली. २१७ ओळी. क्र. १४३ च्या ओळीत असं भरलंय : रक्कम १० फेनिग. साल नाही. गाव ‘–लेबेन’. घडी पाच, फाट एक, जोड एक. तेव्हाचं राज्य : बहुधा प्रशिया. आजचा देश : जर्मनी किंवा डेन्मार्क.